शेजारच्या आजी

फोन ठेवला आणि अंबरीशच्या लक्षात आलं, की हातातला चहा आपण कुंडीत ओतून दिलाय. अर्धा कप, चांगला आल्याचा चहा. जानेवारीतला रविवार, गॅलरीत कोवळं ऊन, समोर कलियासोत धरणाकडची टेकडी, अजून कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नव्हता. अशा सकाळींसाठीच तर माणूस भोपाळच्या गर्दीतून कोलार रोडला येऊन राहतो. आणि त्यात विश्वासकाकांचा फोन. "अरे अंबू, आज येतोय आम्ही. जेवायलाच येतो. प्राजक्ताला सांग, खटाटोप नको, कढी-खिचडी पुरे. तिसरं वर्ष लागलं तुझ्या घराला, अजून आमचे पाय लागले नाहीत. कधी माझे गुडघे, कधी काकूचा मोतीबिंदू. आज गाडीच सांगून टाकलीय." तो "या ना, या ना" म्हणत होता, आणि अगदी मनापासून म्हणत होता, तेवढ्यात मागून सिंधूकाकूचा आवाज आला आणि काकांनी तिचा निरोप जसाच्या तसा पुढे सरकवला. "हां, आणि काकू म्हणते, शेजाऱ्यांना सांगून ठेव. त्यांच्या आजींना भेटायचंय तिला. डिंकाचे लाडू केलेत त्यांच्यासाठी." चहा कुंडीत गेला तो बहुधा तेव्हाच. त्यानं उजवीकडे पाहिलं. त्याच्या गॅलरीला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत सोडून, तशीच दुसरी गॅलरी होती. तिच्यात वाळलेली पानं होती, कबुतरांची घाण होती आणि रंगाऱ्यानं विसरलेली एक मोडकी खुर्ची होती. त्या घरात आजी नव्हती. कोणीच नव्हतं. बांधल्या दिवसापासून ते घर रिकामं होतं.

खोटं तसं लहानच होतं. म्हणजे बोललं तेव्हा लहान होतं. घर घ्यायचं ठरलं त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन अयोध्यानगरला गेला होता. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर वसाहतीतलं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हापासून काका-काकू तिथे भाड्यानं राहत, तिसऱ्या मजल्यावर; मुलगा हर्षल पुण्याला होता. काकांनी चष्मा लावून बिल्डरचं रंगीत पत्रक वाचलं. ‘शहर के पास, शोर से दूर.’ मग नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हे जोडघर दिसतंय. मधली भिंत एक. सिंधू, आपण बाजूचं घेऊ या की! पैसे नुसते बँकेत पडलेत. मधल्या भिंतीत एक खिडकी पाडू, वाटी इकडून तिकडे करायला." काकू हसली. अंबरीशही हसला, अगदी खळखळून हसला, आणि स्कूटर सुरू करून निघाला. वाटेतच त्याला ती खिडकी दिसायला लागली. रात्रभर दिसली. दुसऱ्या दिवशी महाराणा प्रताप नगरमधल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभं राहून, कोचिंगच्या पोरांच्या गर्दीत एक कान बोटानं बंद करून, त्यानं काकांना फोन लावला. "काका, बाजूचं गेलं हो. आधीच बुक होतं म्हणे." पलीकडून काकांचंच समजूत घालणं. "अरे, असू दे, असू दे. चांगली वस्तू राहते का कधी? तू मनाला लावून घेऊ नकोस." घरी प्राजक्ताला त्यानं सांगितलं, की काका-काकूंनाच नको वाटतंय, लांब पडतं म्हणून. झालं. दोन माणसांना दोन वाक्यं. त्याचा हिशोब साधा होता, महिन्या-दोन महिन्यांत बाजूचं घर विकलं जाईल आणि आपलं खोटं आपोआप खरं होऊन जाईल.

पण ते घर काही जाईना. सगळी कॉलनी भरली, पुढे आणखी दोन कॉलन्या उभ्या राहिल्या, कोलारचा रस्ता रुंद झाला, केरवा धरणाच्या बाजूला वाघ दिसल्याची बातमी येऊन लोक दोन दिवस फिरायला जायचे बंद झाले आणि परत जायला लागले, तरी हे एक घर तसंच. कोणी म्हणे दक्षिणेला तोंड आहे, कोणी म्हणे कागदात काही गोची आहे. घर बघायला कोणी आलं की फाटकावरचा वॉचमन आधी अंबरीशला हाक मारायचा, "सर, खाली मकान देखने आए हैं." आणि अंबरीश हातातलं काम टाकून बाहेर यायचा. इतक्या जिव्हाळ्यानं त्यानं स्वतःचं घरसुद्धा कधी कोणाला दाखवलं नसेल. पाणी चोवीस तास, हवा बघा, भाजीवाला दारात येतो, शाळेची बस कोपऱ्यावर, आम्ही तर कधी आवाज करत नाही. बिल्डरनं त्याला पगार द्यायला हवा होता. लोक भिंती ठोकून बघत, बाथरूमचा नळ सोडून बघत आणि निघून जात. तो फाटकापर्यंत पोचवायला जायचा आणि परत येताना त्याला स्वतःची लाज वाटायची.

खरं म्हणजे त्याला इथे येऊन काय मिळालं होतं, हे कोणी विचारलं असतं तर तो टेकडीबद्दल बोलला असता. हवेबद्दल, लेकीला, शमिकाला, सायकल चालवायला मिळालेल्या रस्त्याबद्दल. ते खोटं नव्हतं. संध्याकाळी महाराणा प्रताप नगरच्या धुरातून सुटून चुनाभट्टी ओलांडली की मानेमागचं काहीतरी सैल पडायचं, ते त्याला दर दिवशी जाणवायचं. पण ते सैल पडणं हवेमुळे नव्हतं. इथे त्याला कोणी आधीपासून ओळखत नव्हतं. चौथ्या घरातले दुबे त्याला ‘भाईसाहब’ म्हणत, वॉचमन ‘सर’ म्हणे, आणि दोघांच्याही लेखी तो बेचाळीस वर्षांचा, दाढी केलेला, वेळेवर मेंटेनन्स भरणाराच जन्मला होता. त्यामागचं काहीच नाही. बारावीला गणितात उडालेला अंबू नाही, वसाहतीच्या मैदानावर सायकलवरून पडून दात पाडून घेतलेला अंबू नाही. आईचा अंबू तर नाहीच नाही. शहरापासून थोडं दूर राहायला जाणं म्हणजे स्वतःपासूनच थोडं दूर जाणं असतं, असं त्याला पहिल्या वर्षी वाटायचं आणि बरं वाटायचं. शनिवारी रात्री दार लावून घेतलं की दारावर कोणाची थाप पडणार नाही, ह्या खात्रीची त्याला चटक लागली होती.

शेजारी मात्र हळूहळू राहायला आले. दोष काकूचा. तिला शेजारी नसलेलं घर कल्पनेतसुद्धा उभं करता येत नाही. घर घेतलं त्या महिन्यातच तिनं फोनवर विचारलं, "कोण आले रे बाजूला?" आता गेलंय म्हटल्यावर कोणीतरी यायलाच हवं. अंबरीश वेळ मारून नेत म्हणाला, "अरविंद म्हणून आहेत कोणी. उज्जैनकडचे. फिरतीची नोकरी आहे, भेटत नाहीत फारसे." पुढच्या फोनला तिनं अरविंदच्या बायकोची चौकशी केली. मग मुलं झाली, दोन. दिवाळीत फराळ देवघेव झाली का, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं त्यांच्या घरात एक म्हातारी आई आणून बसवली, म्हणजे सून इतक्या गडबडीत असते हे पटावं म्हणून. आजींचे गुडघे दुखतात, हे त्यानं काकांच्या गुडघ्यांवरूनच उचललं. आणि तिथेच तो फसला, कारण काकूचा जीव त्या आजींवर जडला. दर फोनला आजी. "दिवसभर एकट्याच असतात का रे? अंगणात तरी येतात का? तू जाता-येता हाक मार हो त्यांना, म्हाताऱ्या माणसाला तेवढंही पुरतं." तो "हो, मारतो" म्हणायचा. कधीकधी ऑफिसला निघताना त्या बंद दाराकडे त्याचं लक्ष जायचं आणि आपण आजींना हाक मारायची विसरलो, असं क्षणभर खरंच वाटून जायचं. मग तो स्वतःवरच चिडून गाडी जोरात काढायचा.

काकूला नाही म्हणायला जीभ का उचलली नाही, आणि हो म्हणायला छाती का झाली नाही, ह्या दोन्हीची गोष्ट एकच होती. वसाहतीत अंबरीशच्या घरचं आणि काका-काकूंचं क्वार्टर पाठीला पाठ लावून होतं; काका-काकू म्हणायचं ते त्या शेजारानंच. मागच्या मेंदीच्या कुंपणात एक भोक पडलेलं होतं, मांजराचं असावं, ते दोन्ही घरांनी वापरून वापरून माणसाचं करून टाकलं होतं. त्यातून वाट्या जायच्या, डबे जायचे, ताप आलेली पोरं जायची. आई आजारी पडली ती दोन वर्षं अंथरुणावर होती. वडील दत्तात्रय शिफ्टला जात, आणि काकू त्या भोकातून यायची, आईला पुसायची, भरवायची, केस विंचरायची आणि परत जायची. अंबरीश तेव्हा एकोणीसचा होता. घरातला औषधांचा वास त्याच्या शर्टांना लागायचा. आई गेली त्या दिवशी दुपारी तिनं हाक मारली, दोनदा मारली, आणि तो ऐकू न आल्यासारखा मागच्या दारानं बाहेर पडला, सायकल काढली आणि सिनेमाला जाऊन बसला. काकूनं कुंपणातून पाहिलं होतं. तिच्या हातात आईसाठी पेजेचं भांडं होतं. तो काहीच न बोलता गेला आणि तीही काही बोलली नाही. संध्याकाळी परतला तर अंगणात चपलाच चपला. गर्दीतून वाट काढताना पलीकडच्या ओळीतल्या कोणी विचारलं, "अरे, बर्फ मिळाला नाही का शेवटी?" त्याला काहीच कळलं नाही. आतून काकूचा आवाज आला, तिच्या नेहमीच्या, भाजीला काय टाकलंय सांगतात तशा आवाजात. "मीच पाठवलं होतं त्याला बर्फाला, कमलच्या कपाळावर ठेवायला. रविवारी कुठला मिळतोय इथे? पार स्टेशनपर्यंत गेला असेल पोर." वडिलांनी त्याला जवळ घेतलं. सगळ्यांनी पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून तो आईसाठी बर्फ शोधत फिरलेला मुलगा झाला. वडील जाईपर्यंत हीच गोष्ट पाहुण्यांना सांगायचे. काकूनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. तिनं एकदा तरी रागावून बोलायला हवं होतं. ती आपली प्रत्येक वाढदिवसाला रव्याचा लाडू घेऊन यायची. अशा बाईशी मधल्या भिंतीत खिडकी ठेवून आयुष्यभर राहायचं, ह्या विचारानंच त्याला पार्किंगमधून फोन करायला लावला होता. तिचं देणं फिटणार नव्हतं, आणि ते रोज समोर दिसायला नको होतं, इतकंच. इतकंच म्हणून तो पुन्हा पुन्हा स्वतःला समजावायचा.

आता मात्र विचार करायला वेळ नव्हता. गाडी अयोध्यानगरहून निघाली असेल. शमिका आजोळी इंदूरला गेली होती हे एक बरं झालं, सात वर्षांच्या पोरीला सफाईनं खोटं बोलता येत नाही. ‘शेजारी गावाला गेलेत’ म्हणायचं? मग ही पानं, ही घाण, दारावरची कोळिष्टकं? गावाला गेलेलं घर आणि कधीच न राहिलेलं घर ह्यातला फरक काकूला फाटकातूनच कळला असता. घरात माणसं आहेत असं दिसायला हवं, आणि ती ह्या घटकेला बाहेर गेलेली असायला हवीत. तो मधली भिंत ओलांडून पलीकडे उतरला. आपल्याच गॅलरीतून आपलाच झाडू घेऊन त्यानं परक्या गॅलरीतली पानं लोटली. दोरी बांधली. स्वतःचे दोन जुने शर्ट, एक टॉवेल, शमिकाचा एक आखूड झालेला फ्रॉक. मग खाली जाऊन बंद दाराशी चपलांचे दोन जोड टाकले, एक प्राजक्ताचा, एक त्याचा, मुद्दाम थोडे वेडेवाकडे. तुळशीची कुंडी उचलून पायरीवर नेऊन ठेवताना प्राजक्ता दारात येऊन उभी राहिली. "हे काय चाललंय तुझं?" त्यानं सांगितलं. सांगायला अगदी थोडंच लागलं. ती ऐकत राहिली, हातात कोथिंबिरीची जुडी तशीच. "तू तर म्हणाला होतास, त्यांनीच नको म्हटलं." त्यानं कुंडी पायरीवर नीट सरकवली. "अंबरीश, गेली दोन वर्षं मी मनातून काकूंवर रागावलेय. एवढं आपलं म्हणतात आणि जवळ यायची वेळ आली तर लांब पडतं म्हणतात. त्यांचा फोन आला की दोन वाक्यं बोलून तुझ्याकडे देते मी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्यासाठी नव्हे. "मी काही बोलणार नाही त्यांच्यासमोर. पण मला कोणी विचारलं तर खोटंही सांगणार नाही." ती आत गेली आणि कुकर जोरात आपटल्याचा आवाज आला.

गॅलरी अजून ओकीबोकी दिसत होती. म्हाताऱ्या माणसाच्या घरात उन्हाला काहीतरी अंथरूण असतं, असं त्याच्या डोक्यात आलं, आणि ते सुचल्याचा त्याला चक्क आनंद झाला. प्राजक्ताला विचारायची सोय उरली नव्हती, म्हणून त्यानंच दिवाणाचं झाकण उचललं. वरच शमिकाची तान्हेपणची गोधडी होती. लहानशी, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती त्यानं त्या कठड्यावर पसरली, कोपरे नीट ओढले, रस्त्यावर जाऊन खालून पाहिलं. घर भरल्यासारखं दिसत होतं. त्याला क्षणभर खरोखरच हेवा वाटला त्या माणसांचा.

गाडी आली. आधी काका उतरले, काठी टेकत, इकडे तिकडे बघत, "वा, वा, काय बढिया जागा आहे रे!" म्हणत. मग काकू. दोन वर्षांत ती आणखी लहान झाली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्यानं पदर सावरलेला. "ऊन बघ कसं आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर असून ऊन नाही. आणि मोतीबिंदू काढल्यापासून मला सगळं कसं लख्ख दिसतंय." असं म्हणत तिनं मान वर केली. त्याच्या गॅलरीकडे पाहिलं, मग बाजूच्या. तिथेच ती थांबली. अंबरीशनंही तिच्या नजरेबरोबर वर पाहिलं, आणि सकाळपासून हातात घेऊन, झटकून, पसरून जे त्याला दिसलं नव्हतं ते रस्त्यावरून दिसलं. गोधडीच्या मधोमध हिरवा तुकडा होता, कैरीच्या काठाचा. आईची साडी. गणपतीत मंडळाच्या आरतीला ती नेसायची ती. तिच्या भोवती काकूच्या जुन्या जांभळ्या पातळाच्या पट्ट्या, आणि पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके. शमिकाच्या बारशाला काकूनं ही गोधडी त्याच्या हातांवर ठेवली होती. "ह्यात थोडी कमल आहे आणि थोडी मी," ती म्हणाली होती. तेव्हा घरात पाहुणे होते, फोटो काढायचे होते, त्यानं ती कोणाच्या तरी हातात दिली होती आणि विसरून गेला होता. "शेजाऱ्यांची का रे ती?" काकूनं विचारलं. "हो," तो म्हणाला. "छान आहे," काकू म्हणाली आणि फाटकातून आत आली.

कढी चांगली झाली होती, कोणी तसं म्हणालंही. जेवायला बसायच्या आधी काकूनं घर फिरून पाहिलं, ओट्याची उंची बरोबर आहे म्हणाली, प्राजक्ताच्या पाठीवरून हात फिरवला, आणि प्राजक्ता एकदम वळून फडताळात काहीतरी शोधायला लागली. काका मधल्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. "इथे आली असती बघ खिडकी," ते म्हणाले, मग ताटावर येऊन बसले आणि दुसरा भात घेता घेता, जणू भाताबद्दलच बोलावं तसं म्हणाले, "आम्ही पुढच्या महिन्यात पुण्याला जातोय रे, हर्षलकडे. कायमचं. त्यानं खोली रिकामी केलीय, कपाट करून घेतलंय आमच्यासाठी. तेच सांगायला आलो. म्हटलं भोपाळ सोडायच्या आधी अंबूचं घर तरी बघू." त्यांनी भात कालवला. "माझं मन नाही, खरं सांगतो. पुण्यात कोण ओळखतं आम्हाला? सगळा जन्म इथे गेला. पण तिसरा मजला आता झेपत नाही आणि वसाहतीतले सगळे पांगले. हां, तुझ्या बाजूचं मिळालं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण नशीब! त्या अरविंदानं आधी हात मारला." अंबरीशचा घास हातातच राहिला. आत्ता बोलावं. काका, ते घर तिथेच आहे, किल्ली वॉचमनकडे आहे, आत्ता उघडून दाखवतो. एवढंच वाक्य. प्राजक्ता पळी हातात धरून त्याच्याकडे बघत होती. काकू ताटाकडे बघत होती. काका बघत होते ते त्याच्या तोंडाकडे, जन्मभर बघत आले तसे, विश्वासानं. "भात घ्या ना काका," तो म्हणाला. "कढी वाढू?"

हात धुऊन काकूनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, सौ. सिंधू वि. आठल्ये. "मी जरा बाजूला जाऊन येते. आजींना लाडू देते आणि हळदीकुंकू लावून येते, संक्रांतीचे दिवस आहेत." अंबरीश उठला. "काकू, ते बाहेर गेले असतील. सकाळी गाडी नव्हती त्यांची. मी देतो ना नंतर." "तरणी माणसं गेली असतील," काकू चप्पल घालत म्हणाली. "आजी कशाला जातील? त्यांचे गुडघे दुखतात ना? तू बस, काकांजवळ थांब. मी एकटी जाते." तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथून ती पायरी दिसत नव्हती, फक्त आवाज यायचे. तिनं बेल दाबली असणार, पण त्या घरात वीजच नव्हती. मग बोटांनी दार वाजवल्याचा आवाज, दोनदा, हळू. मग काही नाही. बाहेर काका प्राजक्ताला पुण्याच्या फ्लॅटला लिफ्ट आहे हे सांगत होते. अंबरीश ओट्याची कड धरून उभा होता. ती इतका वेळ तिथे काय करत असेल? रडत असेल का? आता आत येऊन म्हणेल, अंबू, हे काय? आणि त्याला ते हवंसं वाटलं. त्यानं मनातल्या मनात तिची विनवणी केली, की ह्या खेपेला तरी बोल, सगळ्यांसमोर बोल, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.

काकू आली. हात रिकामे होते. "भेटल्या का?" काकांनी विचारलं. "भेटल्या," काकू म्हणाली. आणि तो आवाज त्यानं ओळखला. भाजीला काय टाकलंय सांगतात तसा, नेहमीचा. "गोड बाई आहे. फार बोलवत नाही आता त्यांना. मीच बोलले. खूप दिवसांनी भेटल्यासारखं वाटलं." ती खुर्चीवर टेकली आणि पदरानं कपाळ पुसलं. "बसा म्हणाल्या, पण म्हटलं गाडी थांबलीय." काका खूश झाले. "बघ, मी म्हणत नव्हतो? शेजार चांगला मिळालाय पोराला." काकूनं अंबरीशकडे पाहिलं नाही. निघताना मात्र, गाडीत एक पाय टाकून, तिनं त्याच्या गालाला हात लावला, त्याच्या लहानपणी लावायची तसा. तो हात बर्फासारखा गार होता की त्याचाच गाल तापला होता, कोण जाणे. गाडी वळेपर्यंत काका खिडकीतून हात हलवत होते.

तो पलीकडच्या पायरीशी गेला. चपलांचे दोन्ही जोड भिंतीला लागून सरळ लावलेले होते. काकूला वेडीवाकडी चप्पल कधी सहन झाली नाही. दाराशी डबा होता. आणि उंबऱ्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं, ओली. तो तिथेच पायरीवर बसला. डबा उघडला नाही. दुपार कलली, दुबे फिरायला निघाले, त्यांनी "क्या भाईसाहब, यहाँ कैसे?" म्हणून विचारलं आणि तो नुसता हसला. मग फोन आला. पोचल्याचा फोन करायचा रिवाज काकूनं आयुष्यात चुकवला नाही. "पोचलो रे," ती म्हणाली. मग, "थांब, जरा आत जाते." दार लोटल्याचा आवाज झाला. "अंबू." "हं." "पहिल्यापासून रिकामंच आहे ना रे ते?" त्यानं डोळे मिटले. "हो, काकू." तिच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता तो त्याला ऐकू येत होता. "अजून आहे ते घर," तो घाईघाईनं बोलायला लागला. "मी उद्याच बोलतो, काकू. उद्या सकाळी. हर्षलला मी सांगतो. तुम्ही इथेच..." "नको रे," ती म्हणाली. रागावून नाही, आणखी वाढू का विचारल्यावर म्हणतात तसं. "आता नको. नको होतं तर तेव्हा नको म्हणायचं होतंस. मला वाईट वाटलं असतं. चार दिवस." त्याला हुंदका आला तो तिनं ऐकला असावा, कारण तिनं तो ओसरू दिला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकांना सांगू नकोस. गाडीत सारखं तेच चाललं होतं त्यांचं, पोरगा एकटा नाही, बाजूला भरलं घर आहे. तेवढं घेऊन जाऊ देत त्यांना पुण्याला. आणि गोधडी आत घे. दव पडतं. कमलचा रंग आधीच उडत चाललाय."

त्यानं मधली भिंत ओलांडून गोधडी काढली, छातीशी घडी करून धरली, शर्ट काढले, टॉवेल काढला, फ्रॉक काढला, दोरी सोडली. गॅलरी पुन्हा होती तशी झाली. खाली प्राजक्ता फाटकाशी उभी होती. तिनं डबा उचलून हातात घेतला होता. "आणि ह्या चपला?" तिनं विचारलं.

"राहू देत," तो म्हणाला. "काका जाईपर्यंत तरी त्या घरात कोणीतरी राहायला हवं."